फोड गेला, पण आजार गेला का?

नाशिकच्या सिडकोत माझं मेडिकल आहे. अंबड एमआयडीसीत कामाला जाणारी बरीचशी मंडळी आमच्याच रस्त्याने ये-जा करतात, आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट मला लांबूनच ओळखू यायला लागलीये. रात्री साडेनऊ-दहाला एखादा पोरगा बाहेर टपरीपाशी उभा राहतो, मोबाईल बघत बसतो, काउंटरवरची गर्दी सरली की पटकन पुढे येतो, आधी डोकेदुखीची गोळी मागतो आणि मग खाली बघत म्हणतो, "भाऊ, लघवीला जरा जळजळ होतेय, काहीतरी स्ट्राँग द्या ना." कधी पोरगा असतो, कधी पन्नाशीचे काका असतात. बायका तर स्वतः येतच नाहीत, नवऱ्याला नाहीतर बहिणीला चिठ्ठी देऊन पाठवतात. त्या दोन मिनिटांत मी किती सांगणार, मागून दुसरं गिऱ्हाईक आलं की समोरचा गप्प होतो. म्हणून काउंटरवर जे बोलता येत नाही ते इथे नीट लिहितोय. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, तुम्हाला काय झालंय ते मी ठरवू शकत नाही, पण हे गुप्तरोग, म्हणजे संबंधातून लागणारे आजार, वागतात कसे ते कळलं तर तुम्ही वेळेत योग्य दारात जाल असं मला मनापासून वाटतं.

मागच्या वर्षीची गोष्ट सांगतो, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. सीएनसी मशीनवर काम करणारा एक जण आला, वय तिशीच्या आत. दोन्ही तळहातांवर तांबूस तपकिरी ठिपके, खाज नाही, दुखणं नाही. त्याला वाटलं मशीन थंड ठेवायच्या कूलंटची ॲलर्जी असेल, त्याच्या कंपनीत एक-दोघांना झाली होती म्हणे, म्हणून ॲलर्जीची गोळी आणि मलम मागत होता. मी म्हटलं जरा तळपाय दाखव. तिथेही तेच ठिपके. आता कूलंट हाताला लागतं हे ठीक, पण सेफ्टी शूजच्या आत तळपायाला कसं लागेल? मग हळूच विचारलं, गेल्या दोन-तीन महिन्यांत खाली कुठे फोड, जखम असं काही झालं होतं का. तो गप्पच झाला. मग म्हणाला, झाला होता, एकच होता, पण अजिबात दुखत नव्हता, घरात होतं ते मलम लावलं, महिन्याभरात गेला, म्हणून डोक्यातूनच निघून गेलं.

मी त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी सिव्हिलला पाठवलं. रक्तात सिफिलिस निघाला.

हा आजार म्हणजे आपल्याकडची जुनी माणसं ज्याला गरमी म्हणतात तो, पुस्तकात उपदंश. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात याला फिरंगरोग म्हटलंय, म्हणजे फिरंग्यांबरोबर आलेला. याचा जंतू स्प्रिंगसारखा पिळदार असतो, १९०५ मध्ये तो सापडला. संबंधाच्या वेळी कातडीला, आतल्या नाजूक त्वचेला, डोळ्यांना दिसणारही नाही एवढी जरी चीर पडलेली असली तरी तो तिथून आत शिरतो. मग १० ते ९० दिवसांत, बहुतेकदा तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, जिथून शिरला तिथे एक फोड उठतो, कडा जरा टणक लागतात, जांघेत अवधाण येतं, आणि दुखत मात्र नाही. दुखत नाही म्हणून माणूस लक्ष देत नाही. बाईच्या योनीत आत असेल, किंवा गुदद्वारात, घशात असेल, तर तो झालाय हे कळणारच नाही.

आता खरी गोम बघा. हा फोड ३ ते ६ आठवड्यांत आपोआप भरून येतो. तुम्ही काही लावा किंवा लावू नका, जातोच. त्यामुळे ज्याने जे लावलं त्याला वाटतं आपल्याला त्यानेच गुण आला, कुणी खोबरेल तेल लावलेलं असतं, कुणी बाजारातली सगळ्यावर चालणारी ट्यूब, कुणी बाबाची भस्माची पुडी, आणि तो तेच पुढे दुसऱ्याला सांगतो. पण फोड भरला तेव्हा जंतू मेलेला नसतो, तो कातडीतून रक्तात गेलेला असतो. काही आठवड्यांनी तो अंगभर पुरळ होऊन दिसतो, तळहात-तळपायावर ठिपके, बारीक ताप, तोंडात पांढरट चट्टे, कधी डोक्यावरचे केस ठिकठिकाणी गळतात. आणि हेही आपोआप जातं! त्यानंतर वर्षानुवर्ष काहीच नाही. माणूस ठणठणीत, ड्युटी करतोय, लग्नात नाचतोय, आणि आजार फक्त रक्ताच्या रिपोर्टमध्ये आहे. उपचार न झालेल्यांपैकी काहींना मग १०, २०, ३० वर्षांनी हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीचा, मेंदूचा त्रास निघतो, आणि डोळे-मेंदूवर तर तो याआधीही कधीही जाऊ शकतो.

मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. बाकी आजारात आपण शिकलोय की लक्षण गेलं म्हणजे बरं झालं, सर्दी गेली की गेली. इथे तो हिशोब चालत नाही. आणि पुष्कळदा तर लक्षण येतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा अंदाज आहे की क्लॅमिडिया, परमा (गोनोरिया), सिफिलिस आणि ट्रायकोमोनास या चार आजारांच्या मिळून जगात वर्षाला ३७ कोटींवर नव्या लागणी होतात, म्हणजे दिवसाला १० लाखांहून जास्त, आणि त्यातल्या बहुतेकांना काहीही जाणवत नाही. हे चारही आजार औषधाने पूर्ण बरे होतात, बरं का. बरे होणारे आजार आहेत आणि लोक लाजेपायी अंगावर काढतायत, याचं मला फार वाईट वाटतं.

जळजळीचं आता. संबंधानंतर दोन ते सात दिवसांत पुरुषाला लघवीला आग, लिंगातून पिवळसर पू, चड्डीवर डाग, असं असेल तर बऱ्याचदा तो परमा असतो. जरा उशिरा, एक ते तीन आठवड्यांनी, पातळ पाण्यासारखा स्राव आला तर क्लॅमिडिया असू शकतो. गंमत अशी की हे दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असतात बऱ्याचदा, म्हणून गुप्तरोगांसाठीच्या सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये या तक्रारीला जे राखाडी रंगाचं किट देतात त्यात दोन वेगवेगळ्या अँटिबायोटिक असतात. हो, तिथे किट रंगावरून ओळखतात, राखाडी, हिरवं, पांढरं, निळं, लाल, पिवळं, काळं, तक्रार कसली आहे त्यावरून कुठलं द्यायचं ते ठरतं. पण रंग माहीत झाला म्हणून स्वतःच ठरवू नका, दिसायला सारखी असणारी तक्रार वेगवेगळ्या कारणांनी असू शकते.

लोक मला म्हणतात, तुझ्याकडे त्याच गोळ्या आहेत ना, मग दे की. पहिलं म्हणजे कायदा. सेफिक्झिमसारखं औषध शेड्यूल एच वनमध्ये येतं, चिठ्ठीशिवाय देता येत नाही, रजिस्टरमध्ये डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव लिहून ते तीन वर्ष सांभाळावं लागतं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, परम्याचा जंतू फार चिवट आहे, एकेक औषध पचवत चाललाय. एकेकाळी सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी घेतली की संपायचा, आता त्या गोळीचा त्याच्यावर भरवसा राहिलेला नाही. मित्राने सांगितली म्हणून अर्धा डोस घेतला, दोन दिवसांत पू थांबला, गोळ्या सोडल्या, की आत जे जंतू उरतात ते त्या औषधाला सरावलेले असतात, आणि तेच पुढे बायकोला जातात.

बायकांबद्दल जरा थांबून लिहितो, कारण त्यांच्या वाट्याला यातलं सगळ्यात वाईट येतं. क्लॅमिडिया असलेल्या बायकांपैकी बहुतेकींना, म्हणजे दहातल्या सातेकजणींना, काहीच लक्षण नसतं. परम्यातही तेच पुष्कळदा. जंतू हळूहळू गर्भाशयातून वर नळ्यांपर्यंत जातो, तिथे सूज येते, नळी आतून चिकटते. कधी ओटीपोटात दुखतं, कधी संबंधाच्या वेळी दुखतं, ती सहन करते, बाईच्या जातीला असतंच म्हणून सासू पण गप्प बसवते. पाच वर्षांनी मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू होतात, त्र्यंबकला जाऊन नारायण नागबळी होतो, ज्याला आधी लागण झाली त्या नवऱ्याला कुणी काही विचारत नाही. मला अशा घरातल्या चिठ्ठ्या ओळखू येतात आणि काही बोलता येत नाही.

पण उलटंही लक्षात घ्या ताई लोकांनी. अंगावरून पांढरं जाणं म्हणजे प्रत्येक वेळी गुप्तरोग नाही. पाळीच्या मधल्या दिवसांत पारदर्शक, बिनवासाचा स्राव येतोच, तो तब्येतीचा भाग आहे. दह्यासारखा घट्ट आणि खूप खाज, तर ते बहुतेकदा फंगस असतं, शुगर वाढली की होतं, अँटिबायोटिक घेतल्यावर होतं, त्याचा नवऱ्यावर संशय घ्यायचं कारण नाही. हिरवट-पिवळा, फेसाळ, घाण वास, किंवा संबंधानंतर रक्त, तर मात्र दाखवाच. शेजारणीने दिलेली ट्यूब लावून दिवस काढू नका. आणि आतून साबणाने, डेटॉलने धुवू नका, त्याने आजार जात नाही उलट आतले चांगले जंतू मरतात आणि त्रास वाढतो.

पुरुषांतही विनाकारण घाबरणारे खूप आहेत. बारा तास घामाचा युनिफॉर्म, त्यावर जाड जीन्स, जांघेत गोल चट्टे आणि खाज, आणि गडी रात्रभर झोपलेला नाही एचआयव्ही झाला म्हणून. तो नायटा असतो भाऊ. स्वप्नात वीर्य गेलं, लघवीबरोबर पांढरट गेलं, याला धात जाते म्हणतात आणि रेल्वेने जाताना भिंतींवर ज्यांच्या जाहिराती रंगवलेल्या दिसतात ते लोक यावर हजारो रुपयांचे कोर्स देतात, धात जाणं हा आजारच नाही. रामकुंडात डुबकी मारून, एका ताटात मिसळ खाऊन, बसच्या सीटवर बसून, डास चावून यातलं काही होत नाही. सिंहस्थ आला की पाण्यातून रोग लागेल का असं विचारणारे येतात, पोटाचे आणि कातडीचे त्रास होऊ शकतात, पण हे नाही.

आता चार व्हायरस, यांचं गणित वेगळं आहे. हर्पिस म्हटलं की आपल्याकडे नागीण आठवते, पण कमरेला पट्टा येतो ती नागीण वेगळ्या व्हायरसची. गुप्तांगावरचा हर्पिस म्हणजे पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा झुपका, आणि हा दुखतो, आग आग होते. औषधाने लवकर बसतो, व्हायरस मात्र अंगात राहतो, कधीमधी परत येतो. एचपीव्हीच्या काही जातींनी गुप्तांगावर चामखिळीसारखे मस येतात, आणि १६ व १८ नंबरच्या जातींमुळे गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरपैकी ७० टक्क्यांच्या आसपास केसेस होतात. यावर लस आहे, पुण्यात सीरमने बनवलेली सर्व्हाव्हॅक २०२३ ला बाजारात आली, ९ ते १४ वयात दोन डोस पुरतात, पंधरानंतर तीन लागतात, मुलांनाही देता येते. मुलगी पाचवी-सहावीत असेल तर तिच्या डॉक्टरांशी बोला, लग्नाचं वय झालं की बघू असं करू नका, संबंध सुरू व्हायच्या आधी घेतली तर तिचा पूर्ण उपयोग. आणि तिशी ओलांडलेल्या बायकांनी गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्यायची, लस घेतलेली असली तरी.

हिपॅटायटिस बी, हा लिव्हरचा आजार, लोक विसरतातच. रक्तातून, संबंधातून हा एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज लागतो, आणि यालाही लस आहे. देशभरात सगळ्या बाळांना ही लस सरकारी लसीकरणात २०११ पासून द्यायला लागले, म्हणजे आज जे विशी-तिशीत आहेत त्यातल्या बऱ्याच जणांची ती झालेलीच नसणार. तीन डोस आहेत, आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. स्वस्त आहे.

एचआयव्हीबद्दल दोनच गोष्टी सांगतो. एक, औषधं २००४ पासून सरकारी एआरटी सेंटरला मोफत मिळतात, रोज घेतली आणि रक्तातला व्हायरस सापडेनासा झाला व तसाच राहिला, तर त्या माणसाकडून संबंधातून दुसऱ्याला लागत नाही. दुसरी, ७२ तासांची. माझ्याकडे पोरं ७२ तासांची गोळी मागायला येतात, ती गर्भ राहू नये म्हणून असते, आणि ती नेली की त्यांना वाटतं सगळं निस्तरलं. तिचा या आजारांशी काही संबंध नाही, माला-डी किंवा कॉपर-टीचाही नाही. पण एचआयव्हीसाठीही ७२ तासांच्या आत सुरू करायचं वेगळं औषध असतं, २८ दिवस घ्यायचं, जितकं लवकर तितकं चांगलं. कंडोम फाटला आणि समोरच्याला लागण आहे असं माहीत आहे, किंवा कुणावर जबरदस्ती झाली, तर सकाळची वाट न बघता सिव्हिलच्या अपघात विभागात जा आणि पीईपी हवंय असं स्पष्ट शब्दांत सांगा.

कंडोमचं. लोक मागताना आवाज बसतो, मी वर्तमानपत्रात गुंडाळून देतो, पण वापरायचा कसा हे कुणी विचारत नाही. पाकिटात ठेवून त्यावर बसू नका, ट्रकच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, रबर कमजोर होतं. तारीख बघा. टोक चिमटीत धरून हवा काढा आणि मग चढवा, अगदी सुरुवातीपासून, शेवटी शेवटी नाही. खोबरेल तेल, व्हॅसलिन लावलं की लेटेक्स फाटतो, पाण्याचं बेस असलेलं जेलच वापरायचं. दोन घातले की डबल सेफ्टी असं नाही, घासून दोन्ही फाटतात. तोंडाने केलेल्या संबंधातूनही परमा आणि सिफिलिस जातो, तिथेही लागतो कंडोम. एचआयव्ही, परमा, क्लॅमिडिया यांना तो चांगला अडवतो, हर्पिस, सिफिलिस आणि मस जिथे कंडोम झाकत नाही त्या कातडीवरून लागू शकतात, म्हणून त्यांच्यात थोडं कमी संरक्षण. तरीही याच्याइतकं स्वस्त आणि हाताशी दुसरं काही नाही, सरकारी केंद्रात तर निरोध फुकट मिळतो. आणि समोरचा माणूस स्वच्छ दिसतो, चांगल्या घरचा आहे, यावरून काही कळत नाही, वर सिफिलिसचं सांगितलंच की ठणठणीत माणूस असतो.

कुठे जायचं? त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये सकाळी जाऊन केस पेपर काढा, खिडकीवर सगळ्यांसमोर आजार सांगायची गरज नाही, त्वचारोग म्हणा. डॉक्टरांना मात्र खरं सांगा, तोंडाचे, मागचे, पुरुषाचे पुरुषाशी, जे काही संबंध असतील ते, कारण तपासणी कुठली करायची ते त्यावर ठरतं. सिफिलिससाठी व्हीडीआरएल, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, आणि गरज असेल तर लघवी किंवा स्रावाचा नमुना. एचआयव्हीची तपासणी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, मोफत होते, आधी समुपदेशक बोलतात. संबंधानंतर दुसऱ्याच दिवशी टेस्ट करून निगेटिव्ह आली म्हणून पेढे वाटू नका, फोर्थ जनरेशन टेस्ट ४५ दिवसांनी आणि साधी रॅपिड टेस्ट ९० दिवसांनी परत करावी लागते. जवळचं केंद्र माहीत नसेल तर १०९७ ला फोन लावा, फुकट आहे. आणि कंपनीला कळेल या भीतीने थांबू नका, एचआयव्हीसाठीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, तुमच्या संमतीशिवाय ही टेस्ट करता येत नाही, रिपोर्ट फोडता येत नाही, आणि त्या कारणाने कामावरून काढता येत नाही.

सगळ्यात अवघड काम म्हणजे घरी सांगणं. एकट्याने औषध घेऊन उपयोग नसतो, तुम्ही बरे होता आणि जोडीदाराकडून तेच परत घेता, मग लोक म्हणतात औषधच खोटं होतं. दोघांनी एकदम घ्यायचं आणि परम्या-क्लॅमिडियात औषध झाल्यावर निदान सात दिवस संबंध ठेवायचे नाहीत. कसं बोलायचं असं विचारतात तेव्हा मी सांगतो, सगळी कहाणी एका रात्रीत सांगायलाच हवी असं नाही, पण "मला इन्फेक्शन निघालंय, तुलाही असू शकतं, डॉक्टरांनी दोघांना बोलावलंय" एवढं तरी त्याच दिवशी बोला. समुपदेशकांसमोर बोलणं सोपं जातं बऱ्याच जणांना.

तो सीएनसीवाला असंच बोलला. त्याची बायको चार महिन्यांची गरोदर होती. सिफिलिस गरोदर बाईला असेल तर बाळापर्यंत जातो, गर्भ पडू शकतो, बाळ पोटातच जाऊ शकतं, जन्मलं तरी आजार घेऊन जन्मू शकतं, आणि गरोदरपणात पेनिसिलिनशिवाय दुसऱ्या औषधावर भरवसा नाही, तेही बाळंतपणाच्या महिनाभर आधी तरी झालेलं पाहिजे. म्हणून घाई होती. दोघं गेले, तिचंही रक्त पॉझिटिव्ह आलं, दोघांना बेंझाथिन पेनिसिलिनची इंजेक्शनं कुल्ल्यावर मिळाली, त्याला त्या रात्री थंडी वाजून ताप आला, मेलेल्या जंतूंमुळे असं होतं पहिल्या दिवशी, घाबरून त्याने मला फोन केला होता. तिने त्याच्याशी बरेच दिवस बोलणं टाकलं होतं. ते मी समजू शकतो.

मुलगी झाली, तिचीही तपासणी झाली, तिला काही नाही. व्हीडीआरएलमध्ये आकडा येतो, तो किती उतरला यावरून औषध लागू पडलं का ते कळतं, दुसरी टीपीएचए म्हणून टेस्ट असते ती बरं झाल्यावरही बहुतेकांत जन्मभर पॉझिटिव्ह राहते, ती बघून घाबरायचं नसतं. त्याचा आकडा १:३२ होता. सहा महिन्यांनी १:४ झाला, म्हणजे आठपट उतरला, तो कागद त्याने काउंटरवर ठेवला तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाईकं होती आणि या वेळी तो ती जायची वाट बघत थांबला नाही.